डाव्या हातावरचा डाग

सिनेमातल्या माणसांवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. एक तर ती सगळी डाव्या हाताने जेवायची. देवाला फूल वाहायची तेही डाव्याच हाताने. त्यांच्या बायकांचा पदर दिग्रसच्या शेठ लोकांच्या घरातल्या बायकांसारखा उजव्या खांद्यावर असायचा, आणि नाकातली चमकीही उजवीकडे. हे मी ताईला सांगितलं की ताई पोटावर हात ठेवून हसायची. म्हणायची, ती मुंबईची माणसं, त्यांचं सगळंच निराळं. मला ते पटत नसे. बोटीतून उतरून आगगाडीत बसेपर्यंत मीही मुंबई पाहिली होती. तिथे चहा पिणारी माणसं कप उजव्याच हातात धरून होती.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण, काकांची थोरली. विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा इकडच्या कचेऱ्यांत तिकडचे लोक बदलून येऊ लागले, त्यात भावोजी आले. ताईला दिवस गेले, आणि डॉक्टरने एवढा लांबचा प्रवास करू नका म्हणून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहिलं. मग काकांनी माहेरच इकडे धाडलं, म्हणजे मला. मी तेव्हा सतरा वर्षांची असेन. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी शाळा चौथीतच सुटली होती, आणि आई गेल्यावर मी काकांच्या घरात वाढत होते. वाढत होते म्हणजे कुणी हाकलत नव्हतं. राजापूरकडच्या आमच्या गावाहून बोट, आगगाडी, मग ती अरुंद रुळांची धाकटी आगगाडी आणि शेवटी मोटार, असं करत दिवाळीनंतर मी दिग्रसला पोचले. पहिल्याच दिवशी ताईने तिच्या पाटाशेजारी माझा पाट मांडला. काकांकडे मी सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढे जेवायची. इथे भावोजीही काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "भाजी घे." त्या दोन शब्दांसाठी मी त्या घरात काहीही करायला तयार होते. आणि तेव्हापासूनच हे कधी काढून घेतलं जाईल ही धास्तीही सुरू झाली. घरात कुणी हळू आवाजात बोललं की मला वाटे, माझ्याविषयीच.

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि जिनिंग गिरणीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात सिनेमाचा तंबू आला. टांग्यात भोंगा लावून एक माणूस गावभर ओरडत फिरे. ताईला सिनेमाचा भारी नाद, पण तिला सातवा लागला होता, गर्दीत जाणं शक्य नव्हतं. मग तिनेच तोडगा काढला. चित्र बदललं की मी घरमालकीणबाईंबरोबर दिवेलागणीच्या खेळाला जायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताई दुपटी शिवत बसली की तिला सगळी गोष्ट सांगायची. नुसती गोष्ट नाही. कोण चांगलं वाटलं, कोणाचा राग आला, कुठे रडू आलं, हेही. भावोजींनी आढेवेढे घेत परवानगी दिली. त्यांना सिनेमा म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटे. पण ताईचा जीव रमतो म्हणून ते गप्प बसले.

तंबूत पडदा मधोमध असायचा, दोन वाशांना ताणून बांधलेला. पुरुषांचं दार रस्त्याच्या बाजूला, आणि सिनेमाचं यंत्रही त्यांच्याच बाजूला. बायकांचं दार मागून. आम्ही पडद्याच्या पलीकडे बसायचो, दोन्ही बाजूंना कनात. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस बादली घेऊन यायचा आणि पडदा पाण्याने भिजवायचा. ओला पडदा असला की चित्र आमच्या बाजूलाही झिरपून लख्ख येई. घरमालकीणबाई घरून वाकळ आणायच्या, ती अंथरून आम्ही दोघी बसायचो. त्या साठीच्या होत्या, गावाबाहेर त्यांची कापसाची आणि तुरीची शेती. गाणं लागलं की त्या डोलायच्या आणि मध्यंतर व्हायच्या आत गाढ झोपायच्या. खेळ सुटला की मी त्यांना हलवायची. त्या डोळे चोळत विचारायच्या, "मेला का तो बदमाश?" मेला म्हटलं की समाधानाने वाकळ गुंडाळायच्या.

एक गोष्ट मात्र मी ताईपासून लपवली होती. पडद्यावर सुरुवातीला नावं यायची, मध्येच एखाद्या दुकानावरची पाटी दिसायची, आणि मला ती वाचता येत नसे. अक्षरं ओळखीची वाटायची, म्हणजे ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तशी. मला वाटलं, चौथीपर्यंतचं जे होतं तेही मी विसरले. ताईने तर शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की माझी बहीण चौथी शिकली आहे, बाळंतपण आटोपलं की मी तिला सातवीला बसवणार आहे. त्यामुळे मी गप्प राहिले. सिनेमाचं नाव काय, असं ताईने विचारलं की टांगेवाला जे ओरडला होता ते सांगायची.

मग तो डागाचा सिनेमा आला. एका बाईचा लहानगा मुलगा जत्रेत हरवतो. त्याच्या हातावर भाजल्याचा डाग असतो. वर्षं जातात, बाई म्हातारी होते, तिची दृष्टी अधू होते, ती एका दवाखान्याच्या पायरीवर बसून असते. शेवटी एक तरुण येतो आणि म्हणतो, आई, मीच तो. ती म्हणते, माझ्या मुलाच्या दाहिन्या हातावर डाग होता. दाहिना म्हणजे उजवा हे मला टांगेवाल्यांमुळे ठाऊक झालं होतं. तो तरुण बाही वर करतो, आणि डाग असतो डाव्या हातावर. ती अधू बाई त्या डागावरून बोटं फिरवते आणि त्याला कवटाळते. बायकांत हुंदके सुरू झाले. माझ्या मात्र अंगावर काटा आला. हा तिचा मुलगा नव्हताच. म्हातारीला नीट दिसत नाही हे ओळखून कुणीतरी लबाड तिच्या घरात शिरत होता, आणि पडद्यावर वाजंत्री वाजत होती.

दुसऱ्या दिवशी मी ताईला ते तसंच सांगितलं. मी म्हटलं, त्याच्या डोळ्यांतच लबाडी होती, बोलताना तो आईकडे बघतच नव्हता. ताईच्या हातातली सुई थांबली. तिला रडू आवरेना. शेवट इतका वाईट कसा ठेवतात, तिला कुणीच कसं सांगितलं नाही, असं ती संध्याकाळपर्यंत म्हणत होती.

चार-आठ दिवसांनी कचेरीतल्या मंडळींनी आग्रह करून भावोजींना त्याच सिनेमाला नेलं. रविवारी जेवताना ताईनेच विषय काढला. म्हणाली, त्या बिचाऱ्या आईची फसवणूक बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही का? भावोजींनी घास खाली ठेवला.

"कसली फसवणूक? तिला तिचा मुलगा मिळाला. सगळं छान झालं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की डाग तर डाव्या हातावर होता. भावोजी म्हणाले, उजव्या. मी पुन्हा म्हटलं, डाव्या. मग मला थांबताच आलं नाही. म्हटलं, त्या सिनेमात सगळेच डावखुरे आहेत, तो मुलगा जेवतो तेही डाव्या हाताने. भावोजी हसले नाहीत. त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली. म्हातारी पायरीच्या कोणत्या बाजूला बसते? मुलगा कुठून येतो? माझं प्रत्येक उत्तर चुकत होतं, आणि ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी ते म्हणाले, "त्या दवाखान्यावर भली मोठी पाटी आहे. दुसरीतलं पोर वाचेल एवढी अक्षरं. काय लिहिलंय तिच्यावर?"

मी खाली मान घातली. वाचता आलं नाही म्हणावं तर ताईच्या शब्दाला उणेपणा. पाटी पाहिलीच नाही म्हणावं तर मी तिथे नव्हतेच असं होणार. मी गप्प राहिले, आणि माझी गप्प बसायची खोड त्या घरात पहिल्यांदाच माझ्यावर उलटली.

भावोजी आवाज न चढवता बोलले. त्यातच मला जास्त भीती वाटली. "ही तंबूत जातच नाही. कुठे जाते ते मला विचारायचं नाही. परक्या गावात वयात आलेली मुलगी आहे, उद्या काही झालं तर हिच्या काकांना तोंड मी दाखवायचं."

ताईने घरमालकीणबाईंना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, हातात पापडाचं पीठ. म्हणाल्या, पोरगी माझ्यासंगं जाते आणि माझ्यासंगं येते. मधल्या वेळात शेजारी असते का, असं भावोजींनी विचारलं.

"आता तुमच्याशी खोटं कायले बोलू बापा. मी तं झोपली राह्यतो. माझी वाकळ मातर हालत नाही."

वाकळ हलत नाही ही साक्ष कुणी धरली नाही. ठरलं ते असं. ताई बाळंत होऊन तिचा सव्वा महिना होईपर्यंत मी राहायचं. कचेरीतले एक रत्नागिरीकडचे गृहस्थ शिमग्याला सहकुटुंब गावी जाणार होते, त्यांच्या सोबतीने मला परत पाठवायचं. कारण कुणाला सांगायचं नाही, हा भावोजींचा चांगुलपणा. पण परत धाडलेल्या मुलीचं कारण सांगावं लागत नाही. गावात पाऊल ठेवण्याआधीच ते जाऊन पोचतं. काकू काय म्हणेल, कुणाच्या गळ्यात बांधतील, हे सगळं मला चुलीजवळ बसल्या बसल्या दिसत होतं.

त्यानंतरचे दिवस मला अजून लख्ख आठवतात. कुणी मला वाईट वागवलं नाही. पाट तिथेच होता. भावोजी अजूनही "भाजी घे" म्हणायचे, पण माझ्याकडे न बघता. मी विहिरीवरून उशिरा आले की ताई विचारायची, गर्दी होती का ग? प्रश्न साधा, पण उत्तर ऐकताना तिची नजर माझ्या चपलांवर असायची, कुठली माती लागली आहे ते बघत. मीही तिच्यावर पाळत ठेवायला लागले. ती घरमालकीणबाईंशी बोलत असली की मी भिंतीआड थांबायची. माघात ताईला मुलगा झाला. मी शेगडी पेटवली, बाळाला धुरी दिली, ताईचं अंग शेकलं, लंगोट धुतले. ताई माझा हात हातात घेऊन म्हणायची, तू नसतीस तर माझं काय झालं असतं. मला वाटायचं, मग मला का पाठवतेस? पण विचारलं नाही. कदाचित तिला खरंच वाटत असेल की मी कुठेतरी जात होते, आणि तरीही ती माझे उपकार मानत होती. हे मला सगळ्यात जड जाई.

सव्वा महिना झाला त्याच आठवड्यात टांगा पुन्हा ओरडत आला. लोकांच्या आग्रहावरून डागाचा सिनेमा परत लागला होता. मी लंगोट वाळत घालत होते. ताई बाळाला घेऊन दारात आली आणि टांगा वळेपर्यंत ऐकत राहिली. मग आत जाऊन भावोजींना म्हणाली, "आज मी जाणार. हिच्याच शेजारी बसणार."

पहिलं बाहेर पडणं देवळात असतं, तंबूत नाही, असं भावोजी म्हणाले. ताईने देवळात आधी जाऊन येते म्हटलं आणि गेलीही. संध्याकाळी बाळाला दुपट्यात गुंडाळून, कान बांधून, घरमालकीणबाईंसह आम्ही तिघी निघालो. मला वाटलं, ही माझी शेवटची परीक्षा, आणि मी हिच्यातही नापास होणार. कारण पाटी आजही मला वाचता येणार नव्हती.

बादलीवाला आला, पडदा भिजवून गेला. दिवे गेले. पडद्यावर नावं आली आणि ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला वाटलं तिला काही होतंय. ती पुढे वाकून पडद्याकडे बघत होती.

"अगं," ती माझ्या कानात म्हणाली, "हे सगळं उलटं आहे."

मला कळेना. मग ती बोट न उचलता, हळू, उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर सांगू लागली. प आहे बघ, पण पाठ करून उभा आहे. हा म. काना अलीकडे यायचा तो पलीकडे गेलाय. आपण पडद्याच्या मागे बसलोय ना, कागद उजेडात धरून मागून बघावा तसं. मी बघत राहिले. ती ओळखीची वाटणारी माणसं एकेक करून वळली आणि त्यांची नावं मला आठवली. मी विसरले नव्हते. दवाखाना आला तेव्हा ताई फक्त माझ्याकडे वळली. मी टोकाकडून सुरुवात केली. ध, र्मा, मग र्थ. "धर्मार्थ दवाखाना," असं मी म्हणेपर्यंत पडद्यावरची म्हातारी पायरीवरून उठून गेलीसुद्धा होती.

बाही वर झाली. डाग डाव्या हातावर होता, जसा मी सांगितला होता तसा. ताईने नुसता श्वास सोडला आणि बाळाला पदराआड घेतलं. घरमालकीणबाई घोरत होत्या.

घरी येताना ताईने त्यांना विचारलं, इतकी वर्षं इथे बसता, सिनेमातली माणसं सगळं डाव्या हाताने करतात हे तुमच्या लक्षात नाही का आलं? त्या म्हणाल्या, "ते तं साऱ्या बायकाइले मालूम आहे. सिनिमातले लोक डावखोरेच राह्यते माय."

"मग त्या दिवशी भावोजींना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याईनं मले झोपेचं इचारलं. हाताचं कोनं इचारलं?"

भावोजींना मात्र हे सहज पटेना. सकाळी ताई सांगत होती आणि ते दाढी करत होते. सगळा गाव बघतो, असं कसं होईल, आणि कुणी बोललं कसं नसतं, असं त्यांचं चाललं होतं. मला वाटलं, आता ते आम्हा दोघींवरही संशय घेतील. ताईने वाद घातला नाही. बाळाचं एक जुनं मलमलीचं फडकं घेतलं, काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दवाखाना. मग ते अंगणात दोरीवर, उन्हात घातलं. भावोजींना म्हणाली, "पलीकडे या आणि वाचा."

ते अर्धी दाढी केलेले, गालाला साबण तसाच, दोरीच्या पलीकडे गेले. फडक्याआडून त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मग त्यांनी उजवा हात वर करून फडक्याजवळ नेला, त्याची सावली आमच्या बाजूने आम्हाला डाव्या हाताची दिसली. इकडे ये म्हणून त्यांनी मला बोलावलं नाही, आणि काही म्हणालेही नाहीत. दाढी पूर्ण करून कचेरीत गेले.

त्या दिवशी मी माझी अर्धी भरलेली ट्रंक रिकामीही केली नाही आणि पुरती भरलीही नाही. दुपारभर मी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होते. चूक कळली म्हणून माणूस गप्प बसतो, आणि चूक कळूनही ठरलेलं बदलायचं नसलं तरी गप्पच बसतो.

संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. ताई वाढत होती. पहिला घास घेतल्यावर ते म्हणाले, "त्या रत्नागिरीच्या गृहस्थांना सांगून आलो. म्हटलं सोबत नको, ती इथेच राहणार आहे." मग माझ्याकडे बघून, "भाजी घे."

मी घेतली.

शिमगा झाला, रत्नागिरीची ती मंडळी गावाला जाऊन परतही आली. ताईने मला पाटी आणून दिली आणि बाळ झोपलं की शिकवायला बसू लागली. तंबू हलेपर्यंत आम्ही दोघी आणि घरमालकीणबाई प्रत्येक सिनेमाला गेलो. आता मी नावं उलटीसुलटी सारखीच वाचायची. एकदा जेवताना भावोजींनीच थट्टेत तो विषय काढला. म्हणाले, "काय मग, तो मुलगा खरा होता ना शेवटी?"

ताई हसली. मी मात्र विचार करून सांगितलं की हाताचं ठीक आहे, तो उजवा धरा. पण तो आईकडे बघत नव्हता, ते पडद्याच्या कुठल्याही बाजूने सारखंच दिसतं.

भावोजी घास घेता घेता थांबले. "म्हणजे तुला अजून शंका आहे?"

आहे, असं मी म्हटलं. आणि त्यांच्याशी बोलताना मी पहिल्यांदाच मान खाली घातली नाही.